जागा आणि अंतर : मुंबईतील घरांच्या चळवळींचे एक वाचन

मुंबईच्या मराठीत घराला 'जागा' म्हणतात. 'त्यांची दादरला जागा आहे', 'मुलाला जागा मिळाली की लग्नाचे बघू', 'जागेची अडचण आहे' ही वाक्ये या शहरात कोणालाही उलगडून सांगावी लागत नाहीत. भिंती, छप्पर, ओटा, अंगण या घराच्या नेहमीच्या खुणा बाजूला पडतात आणि ती वास्तू कोठे आहे एवढीच गोष्ट शब्दात उरते. याच मराठीची दुसरी सवय म्हणजे अंतर मिनिटांत सांगण्याची. डोंबिवली किती लांब, असे विचारले तर कोणी किलोमीटर सांगत नाही. 'फास्ट मिळाली तर तासाभरात' असे उत्तर येते.

या दोन भाषिक सवयी आम्हाला येथे पुरावा म्हणून घ्यावयाच्या आहेत. मुंबईतील नागरी चळवळींचा इतिहास सामान्यतः दोन स्वतंत्र प्रकरणांत लिहिला जातो. एका प्रकरणात भाडेकरू, झोपडपट्टीवासी, गिरणी कामगार आणि त्यांची घरे येतात. दुसऱ्यात रेल्वे, बस, प्रवासी संघटना आणि गर्दी. बोलीने मात्र ही विभागणी कधीच मान्य केलेली नाही. जो माणूस घराला जागा म्हणतो त्याला घर आणि कामाचे ठिकाण यांमधील वाट घरातच धरलेली असते. शंभराहून अधिक वर्षांच्या या लढ्यांकडे पाहताना आम्हाला असे दिसते की, घराची मागणी ही बहुतेक वेळा अंतराचीही मागणी होती, आणि शासनाने ती ऐकताना नेमका हाच भाग गाळला.

आरंभ प्लेगपासून करावा लागतो. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि दोन वर्षांनी, १८९८ साली, कायद्याने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्त्यांतून हवेशीर रस्ते काढावयाचे आणि गरिबांसाठी आरोग्यदायक घरे बांधावयाची, ही त्याची घोषित उद्दिष्टे. पहिले काम झपाट्याने झाले, दुसरे रेंगाळले. आरंभीच्या वर्षांत ट्रस्टने जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत. उठवलेली माणसे शहराबाहेर गेली नाहीत. ती शेजारच्या गल्लीतील आधीच भरलेल्या चाळींत शिरली, कारण गोदी, बाजार आणि गिरणी तेथून पायी गाठता येत होती. हवेशीर रस्त्याच्या बदल्यात शेजारची गल्ली अधिक कोंदट झाली.

पहिल्या महायुद्धाच्या काळात भाडी भडकली आणि १९१८ साली भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा आला. पाठोपाठ १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. पन्नास हजार गाळे बांधण्याचा त्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे २०७ इमारती उभ्या राहिल्या. तीन मजली इमारत, तीत ऐंशी खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. म्हणजे सगळ्या मिळून सोळा हजारांच्या आसपास. याच त्या बीडीडी चाळी. त्यांचा पुढचा इतिहास राजकीय आणि सांस्कृतिक दृष्ट्या इतका समृद्ध आहे की त्यांच्या आरंभीच्या अपयशाचा विसर पडतो. वरळीच्या कित्येक खोल्या पहिली काही वर्षे रिकाम्याच होत्या. भाडे परवडणारे नव्हते, सोयी अपुऱ्या होत्या आणि वरळी तेव्हा गिरण्यांच्या मानाने आडबाजूला होती. १९३० साली सविनय कायदेभंगातील सत्याग्रहींना ठेवण्यासाठी तेथे तात्पुरता तुरुंग करता आला. घरांची एवढी टंचाई असलेल्या शहरात सरकारी घरे ओस पडतात, ही घटना पुढील सर्व योजनाकारांनी भिंतीवर लिहून ठेवावी अशी होती. ती कोणी लिहून ठेवली नाही.

गिरणगावाचा भूगोल या अंतराच्या हिशेबातून घडला. भोंगा ऐकू येईल एवढ्या टापूत बिऱ्हाड असले पाहिजे, हा त्याचा नियम. कोकणातून, घाटावरून आलेला चाकरमानी गावकीच्या खोलीत वळकटीपुरती जागा धरून राहिला, पाळी बदलली की अंथरूणही बदलले. परंतु तो परळ-लालबाग सोडून गेला नाही. लोकल गाड्या तोवर धावू लागल्या होत्या. १९२५ साली बोरीबंदर ते कुर्ला या हार्बर मार्गावर विजेची पहिली गाडी धावली, १९२८ साली चर्चगेट-बोरिवली मार्गाचे विद्युतीकरण झाले, आणि या रुळांच्या कडेने मध्यमवर्गाची उपनगरे वाढली. गिरणी कामगाराच्या मजुरीत आणि पाळीच्या वेळेत पासाचे पैसे आणि प्रवासाचा तास बसत नव्हता. एकाच शहरात एक वर्ग पायी अंतराने बांधलेला आणि दुसरा रुळांनी, अशी विभागणी येथे पक्की झाली.

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने चाळीतील माणसाचा पत्ता सुरक्षित केला. भाडेकरूंच्या चळवळीचे हे मोठेच यश होते. त्याची किंमतही मोठी होती. गोठलेल्या भाड्यात मालकाला दुरुस्ती परवडेना, भाड्याने देण्यासाठी नवी चाळ बांधण्यात कोणालाच रस राहिला नाही आणि पागडीचा समांतर व्यवहार रुजला. १९६९ साली उपकर बसवून जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी स्वतंत्र मंडळ नेमण्याची वेळ राज्यावर आली. या काळातील चळवळ असलेल्या घराचे रक्षण करणारी होती. ज्याला घरच नव्हते त्याच्यासाठी नवे घर कोठून यावे, हा प्रश्न तिच्या कक्षेत नव्हता. हे नमूद करताना तिला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. घर गेले की नोकरीचे ठिकाणही हातचे जाते, हे ज्याला कळते तो आधी पत्ता राखतो.

नव्या घरांचा आणि नव्या वाटांचा एकत्र विचार मांडला तो तीन व्यावसायिकांनी. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया व प्रविणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी शासनाच्या विकास आराखड्यावर हरकत घेतली आणि १९६५ साली 'मार्ग' या नियतकालिकाच्या मुंबई विशेषांकातून आपली योजना जनतेपुढे ठेवली. त्यांचा युक्तिवाद साधा होता. मुंबई दक्षिणेकडे रोजगार आणि उत्तरेकडे घरे अशी एका रेषेत लांबत चालली आहे. सकाळी सारे दक्षिणेला, संध्याकाळी सारे उत्तरेला, हे कोणत्याही रेल्वेला पेलणारे नाही. खाडीपलीकडे पूर्वेला रोजगारासह नवे शहर वसवावे, शासकीय कचेऱ्या तेथे न्याव्यात, म्हणजे घर आणि काम यांतील अंतर तोडता येईल. योजनेच्या गाभ्याशी अंतर होते. घरांची संख्या त्यानंतर.

१९७० साली सिडकोची स्थापना झाली. परंतु मंत्रालय खाडीपलीकडे गेले नाही; उलट त्याच दशकात नरिमन पॉइंटच्या भरावावर कार्यालयांचे मनोरे चढले. रोजगार दक्षिणेत वाढला, घरे पूर्वेत बांधली गेली, आणि त्यांना जोडणारी गाडी मानखुर्दहून वाशीला पोहोचली ती १९९२ साली, सिडकोच्या स्थापनेनंतर बावीस वर्षांनी. रेल्वे हा केंद्राचा विषय, घरे हा राज्याचा. शेवटी खर्चाचा सुमारे दोन तृतीयांश वाटा सिडकोने उचलला तेव्हा रूळ पडले. ज्यांच्या शेतांवर आणि मिठागरांवर हे शहर उभे राहिले त्या आगरी-कोळी गावांचा लढा याच कालखंडातील. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली भूमिपुत्रांनी रास्त मोबदला मागितला; जानेवारी १९८४ मध्ये उरण-जासई परिसरात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. विकसित जमिनीपैकी साडेबारा टक्के परत देण्याचे तत्त्व या रक्तातून आले. शहराच्या अंतराचा प्रश्न सोडवण्यासाठी कोणाची तरी जागा घ्यावी लागते, हे त्या तीन तज्ज्ञांच्या सुबक आराखड्यात न दिसलेले सत्य जासईने दाखवून दिले.

१९८० चे दशक या इतिहासाचा मध्यबिंदू मानावे लागेल. जुलै १९८१ मध्ये, ऐन पावसाळ्यात, मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी पदपथांवरील झोपड्या हटवून तेथील रहिवाशांना शहराबाहेर पाठविण्याचे आदेश दिले. पत्रकार ओल्गा टेलिस, नागरी हक्क कार्यकर्ते आणि काही पदपथवासी न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिलेल्या या निकालपत्रात जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क अंतर्भूत मानला गेला, आणि त्यासाठीच तो विधी महाविद्यालयांत शिकविला जातो. साहित्याच्या अभ्यासकाने तो आणखी एका कारणासाठी वाचावा. माणूस पदपथावर का राहतो, या प्रश्नाचे न्यायालयाने दिलेले उत्तर अंतराचे आहे : काम जवळ आहे म्हणून, प्रवासात जाणारा वेळ आणि पैसा त्याच्या तुटपुंज्या मिळकतीला झेपत नाही म्हणून, पदपथ गेला की काम जाते म्हणून. बोलीतील 'जागा' या शब्दाचा आशय येथे कायद्याच्या भाषेत उतरला.

निष्कर्ष मात्र या विवेचनाला सोडून गेला. नोटीस देऊन, पावसाळा संपल्यावर झोपड्या हटविण्यास न्यायालयाने मुभा दिली. पर्यायी जागा १९७६ च्या गणनेत नोंद झालेल्यांना मिळणार होती, आणि ती कोठे असावी यावर बंधन नव्हते. हक्क मान्य झाला, अंतर मोकळे राहिले.

त्याच वर्षी स्पार्क या संस्थेने भायखळ्याच्या परिसरातील पदपथवासीयांची मोजणी केली. सहा हजारांच्या आसपास कुटुंबे प्रथमच कागदावर आली. अतिक्रमण म्हणून ज्यांची नोंद होत होती ती घरकाम, हमाली, फेरी, भंगार या कामांवर जगणारी, वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी राहिलेली कुटुंबे आहेत, हे त्यातून दिसले. पुढे १९८६ साली 'महिला मिलन' उभे राहिले. रोज थोडे पैसे साठविणाऱ्या या बायकांनी आपल्याला हवे तसे घर कसे असावे याचा विचार केला आणि पोटमाळ्यासह त्याची पूर्ण आकाराची प्रतिकृती उभारून लोकांना दाखविली. मागणीचे निवेदन लिहिण्याऐवजी मागणी उभी करून दाखविणे, ही चळवळीच्या भाषेतील मोठी भर होती.

दुसरीकडे गोरेगावात मृणाल गोरे आणि त्यांच्या समाजवादी सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. १९७६ च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्याने मुंबईत पाचशे चौरस मीटरवरील मोकळी जमीन अतिरिक्त ठरत होती. सवलतींच्या कलमांतून मालक ती सोडवून घेत होते. कायदा गरिबांच्या घरांसाठी असेल तर त्या जमिनीवर गरिबांचीच घरे झाली पाहिजेत, असा आग्रह नागरी निवारा परिषदेने न्यायालयात आणि रस्त्यावर धरला. दिंडोशी परिसरात हजारो कुटुंबांची वसाहत त्यातून उभी राहिली. अधिक घरे बांधा, शहराच्या आत बांधा आणि आमच्याकडून हप्ते घेऊन बांधा, असे म्हणणारी ही मुंबईतील दुर्मीळ चळवळ. २००७ साली राज्याने तो कायदा रद्द केल्यावर या मार्गाचा आधारच गेला.

घर आणि रेल्वे यांची समोरासमोर गाठ पडली ती रुळांच्या कडेला. रुळांलगतच्या झोपड्यांमुळे गाड्यांना वेग कमी करावा लागे. ताटकळलेल्या प्रवाशांच्या लेखी झोपडीवाले गुन्हेगार होते आणि झोपडीवाल्यांच्या लेखी गाडी म्हणजे मुलांचा मृत्यू. फेब्रुवारी २००० मध्ये हार्बर मार्गावर रेल्वेने दोन हजारांहून अधिक झोपड्या पाडल्या तेव्हा दोन्ही बाजूंचा संताप शिगेला होता. तरीही याच रुळांवर एक वेगळा प्रयोग चालू होता. रेल्वेकडेच्या रहिवाशांच्या महासंघाने १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून स्वतःची मोजणी करून ठेवली होती. त्यांची भूमिका अशी : आम्हाला रुळांशेजारी राहावयाचे नाही, घर द्या, आम्ही स्वतः हलतो, रूळ मोकळे होतील. १९९९ साली केंद्र आणि राज्य यांचे संयुक्त रेल्वे विकास महामंडळ स्थापन झाले, २००२ साली जागतिक बँकेचे कर्ज आले आणि हजारो कुटुंबे बळाचा वापर न होता हलली. घरांची चळवळ आणि रेल्वेची गरज यांनी एकमेकांची भाषा ऐकली, असा मुंबईच्या इतिहासातील हा बहुधा एकमेव मोठा प्रसंग.

त्याचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. २२५ चौरस फुटांचे पक्के घर मिळाले ते मानखुर्द, गोवंडी, वाशी नाका अशा कडेच्या भागांत, एकमेकींना खेटून उभ्या केलेल्या इमारतींत. याच प्रकल्पाच्या रस्त्यांमुळे विस्थापित झालेल्या कुर्ल्याच्या दुकानदारांनी २००४ साली बँकेच्या तपासणी पॅनेलकडे तक्रार केली : गिऱ्हाईक जेथे आहे तेथून दूर नेलेले दुकान हे दुकान राहत नाही. २००६ साली बँकेने काही महिने पैसे रोखले. घरकाम करणाऱ्या बाईच्या बाबतीतही तेच घडले. रूळ मोकळे झाल्याने गाडी वेगाने धावू लागली. तिला मात्र आता त्या गाडीने रोज प्रवास करावा लागणार होता.

शेवटचे प्रकरण गिरण्यांचे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने सुमारे अडीच लाख कामगार रस्त्यावर आले आणि बहुतेकांची गिरणी पुन्हा उघडली नाही. १९९१ च्या नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले : एक महापालिकेच्या मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकाला. शहराच्या मधोमध, तीन रेल्वे मार्गांच्या कुशीतील सहाशेच्या आसपास एकर जमीन. घर आणि अंतर हे दोन्ही प्रश्न एकदम सोडविण्याची अशी संधी पुन्हा येणार नव्हती. २००१ साली नियमात दुरुस्ती होऊन वाटणी केवळ आधीच मोकळ्या असलेल्या भूभागापुरती उरली. उच्च न्यायालयाने २००५ साली पर्यावरणवाद्यांच्या बाजूने कौल दिला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. दत्ता इस्वलकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी चिकाटीने लावून धरल्यामुळे काही घरे तरी पदरात पडली. २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरे निघाली. अर्ज दीड लाखाच्या घरात होते. इस्वलकर २०२१ साली गेले.

उरलेल्यांसाठी २०२४ साली शासनाने घरे योजिली ती शेलू आणि वांगणी येथे, बदलापूरच्या पलीकडे, नेरळच्या अलीकडे. जुलै २०२५ मध्ये वृद्ध कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले. घर मुंबईतच द्या आणि ही घरे नाकारणाऱ्याचा हक्क काढून घेणारे कलम रद्द करा, या त्यांच्या मागण्या होत्या. त्याच्या एकच महिना आधी, जून २०२५ मध्ये, त्याच मध्य रेल्वेवर मुंब्र्याजवळ खच्चून भरलेल्या लोकलमधून प्रवासी खाली पडले आणि त्यांतील काही दगावले. प्रवासी संघटनांनी फेऱ्या वाढविण्याची मागणी केली. वृत्तपत्रांत या दोन्ही बातम्या वेगवेगळ्या पानांवर आल्या. वांगणीला वसविले जाणारे कुटुंब उद्या मुंब्र्यावरूनच कामाला येणार आहे, हे दोन्ही पाने शेजारी ठेवल्याखेरीज दिसत नाही.

आमच्या साहित्यानेही ती पाने फारशी शेजारी ठेवलेली नाहीत. 'बटाट्याची चाळ', 'वासूनाका', 'माहीमची खाडी' ही शीर्षके ठिकाणांची नावे आहेत. मुंबईवरील मराठी लेखन मुख्यतः जागेचे लेखन आहे आणि जागेचे त्याने केलेले वर्णन कोणत्याही सरकारी अहवालाहून खरे आहे. परंतु जागा हातची गेल्यावर माणसाच्या आयुष्यात शिरणारे रोजचे तीन-चार तास, पहाटेचा डबा, मुलांची झोपेतच होणारी भेट, हा अनुभव कथेत आला तरी बहुधा पार्श्वभूमी म्हणून आला. जयंत पवार यांच्या 'अधांतर'मध्ये गिरणगावातील कुटुंब आपल्या खोलीतच निराधार होत जाते. त्या कुटुंबाची पुढची पिढी कोठे राहावयास गेली, याचे नाटक अजून लिहिले जावयाचे आहे.

म्हणून या विषयाचा अभ्यास करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना आमची एक सूचना आहे. मुंबईतील कोणत्याही पुनर्वसनाचा, सोडतीचा वा आराखड्याचा मजकूर हाती घेतला की त्यात घरांची संख्या किती आहे हे तर पाहावेच. त्याबरोबर ते घर आणि रहिवाशाचे काम यांत किती मिनिटे आहेत आणि ती मिनिटे कोण भरणार आहे, याची नोंद आहे का, तेही पाहावे. गेल्या सव्वाशे वर्षांतील बहुतेक दस्तऐवजांत ती नाही. ज्यांच्या आयुष्यातून ती मिनिटे वजा होतात त्यांनी मात्र ती प्रत्येक मोर्चात, प्रत्येक अर्जात मांडलेली आहे. आझाद मैदानावर बसलेल्या कामगाराने 'घर' मागितले असे वृत्तांतात लिहिलेले असते. तो 'जागा' मागत होता.